विकलेल्या गाडीचे चलन कोणाच्या नावावर? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण सविस्तर लिहिले आहे, म्हणून उत्तरही थोडे लांबेल. गाडी विकल्यावर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवणे ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे, असे मी लेखात म्हटले होते. त्यावर आपला आक्षेप असा, की स्कूटरचे पैसे मिळाले, किल्ली आणि आरसी बुक दिले, नोटरीसमोर करारही झाला; मग घेणाऱ्याने सिग्नल तोडल्याचे चलन आपल्या मोबाइलवर का यावे, आणि ज्याने गाडी नावावर करून घेतली नाही त्याला सोडून मी विकणाऱ्यालाच का धारेवर धरतो?

करार झाला, ताबा दिला, म्हणजे स्कूटर त्याची झाली, हे आपल्या दोघांमधल्या व्यवहारापुरते बरोबर आहे. मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(३०) मध्ये मालकाची जी व्याख्या आहे, ती ताब्यावर किंवा करारावर नव्हे, तर नोंदणीवर बेतलेली आहे. ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे तो मालक. आपण पाठवलेल्या चलनाकडेच पाहा. स्कूटरचा मागचा भाग, चालवणाऱ्याची पाठ, बाजूला नंबर प्लेटचे मोठे करून दाखवलेले छायाचित्र, खाली वेळ आणि चौकाचे नाव. त्या चित्रात माणसाचा चेहराच नाही. यंत्रणेच्या हाती एम एच १२ पासून सुरू होणारा क्रमांक तेवढा लागतो आणि त्या क्रमांकापुढे आजही आपलेच नाव आहे. नोटरीचा कागद आपल्या कपाटात आहे. तो कॅमेऱ्याला दिसत नाही.

घेणाऱ्याला मी सोडलेले नाही. कलम ५० प्रमाणे त्याने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो, आणि तो न केल्यास कलम १७७ खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. अडचण अशी, की त्याची कसूर रस्त्यावर कोणाला दिसतच नाही. भावाची, सासऱ्यांची, मित्राची गाडी चालवणे हा गुन्हा नाही. पुण्यात तर निम्म्या घरांतून एकाची गाडी दुसरा चालवतो. त्यामुळे लायसन्स, विमा आणि पीयूसी ठीक असेल तर आरसीवर वेगळे नाव दिसले म्हणून चौकातला पोलीस सहसा त्याला अडवून ठेवत नाही. कायद्याने कर्तव्य दोघांवर टाकले आहे, पण सरकारदरबारी नाव एकाचेच आहे. मी विकणाऱ्यावर भर दिला तो याच कारणाने. दोष जास्त त्याचा आहे असे माझे मत मुळीच नाही.

चलनाची रक्कम ही यातली लहान बाब आहे. अपघात झाला तर काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या निकालात दिसते. गाडी २००७ मध्ये विकलेली, त्यानंतर आणखी हात बदललेली, अपघात २००९ मधला. तरीही नोंदणी मूळ मालकाच्याच नावावर राहिली होती, म्हणून भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. कारण व्यवहार्य आहे: अपघातग्रस्ताने एकामागून एक झालेल्या, कुठेही नोंद नसलेल्या विक्रींचा माग काढत बसावे, अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

आपण ओझरता उल्लेख केलेली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने विक्री कळवण्याच्या फॉर्म २९ वर आणि गाडी नावावर करण्याच्या फॉर्म ३० वर आपल्या सह्या घेतल्या आणि घेणाऱ्याचे नाव कोरे ठेवले. हे सर्रास चालते. गाडी नावावर करायची तर शुल्क भरावे लागते, शिवाय आरसीवर एक मालक वाढला की भाव उतरतो. तेव्हा मधले सगळे त्या कोऱ्या सह्यांवरच गाडी पुढे सरकवतात. अशा वेळी आपला करार नेमका कोणाशी झाला, हाच प्रश्न उरतो. हे थांबावे म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत व्यापाऱ्यांची तरतूद आली. अशा व्यापाऱ्याकडे गाडी सोपवल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये दिली, की पुढची जबाबदारी त्याच्यावर जाते. मात्र त्यासाठी व्यापाऱ्याकडे तसे प्राधिकारपत्र हवे आणि ते विक्रीच्या वेळीच पाहायला हवे.

‘आरटीओच्या काउंटरवर नुसता फॉर्म २९ घेत नाहीत, दोघांना बरोबर या म्हणतात,’ ही आपली तक्रार मला पूर्ण मान्य आहे. विकणाऱ्याने कळवण्याचे कर्तव्य कायद्यात स्वतंत्र आहे, त्यासाठी घेणाऱ्याची मनधरणी करावी लागू नये. तरीही काउंटरवरून परतलात म्हणून विषय सोडून देऊ नका. तोच फॉर्म, कराराची प्रत आणि ताबा दिल्याची तारीख व वेळ लिहिलेले पत्र नोंदणी अधिकाऱ्याच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा, आणि एक प्रत घेणाऱ्यालाही पाठवा. तशी ती पाठवणे कलम ५० मध्येच सांगितले आहे.

आता आधीच आलेल्या चलनांविषयी. ती गुपचूप भरून टाकू नका. लोकअदालतीत तडजोड होते, पण तिने आरसीवरचे नाव बदलत नाही आणि पुढच्या महिन्यात नवे चलन येतेच. कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी विचारल्यावर चालकाची माहिती देणे मालकाला बंधनकारक आहे. आपण न विचारताच वाहतूक शाखेकडे लेखी तक्रार करून घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि ताब्याची तारीख द्यावी, आणि त्या तारखेनंतरच्या प्रत्येक चलनाचा क्रमांक तीत लिहावा. घेणाऱ्याचा फोन लागत असेल तर त्याला एवढे जरूर सांगा, की थकीत चलने मिटल्याशिवाय हस्तांतराचे काम सहसा पुढे सरकत नाही. म्हणजे त्याने जितका उशीर केला, तितके त्याचेच काम अडेल. गाडीवर बँकेचा बोजा होता का, हे आपण लिहिलेले नाही. असेल, तर बँकेचे नाहरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आपल्याच हातून जायला हवेत. ते काम आधी उरका.