सिंगापूरचं उदाहरण देऊ नका

नागपुरात झाडं तोडायची वेळ आली की कोणीतरी सिंगापूरचं नाव काढतंच. अजनीच्या रेल्वे कॉलनीतल्या झाडांवरून वाद पेटला होता तेव्हा काढलं, आणि परवा भाच्याने फोनवर तेच ऐकवलं. त्याच्याकडचा रस्ता रुंद होतोय, कडुनिंबांची जुनी रांग जाणार आहे. "मामा, तुम्ही तिथंच राहून राहिले ना? त्यांनी सगळं जंगल कापलं, मग झाडं लावली. आज पाहा कसं हिरवंगार! आपण काऊन नाही करू शकत?"

हिरवंगार आहे, खरंच आहे. पण मी सिंगापूरच्या बुकित पांजांग भागात राहतो, आणि या हिरव्याच्या आत काय आहे ते मला दिसतं. बुकित तिमाहचं जंगल १८८३ पासून राखीव आहे, म्हणून सेराया या जुन्या जंगली वृक्षाची प्रचंड झाडं तिथे अजून उभी आहेत. सगळं मिळून १६३ हेक्टर. त्याच्या पूर्वेला मॅकरिची जलाशयाकडचा बराच भाग मिरी आणि गॅम्बियर या झुडपाच्या मळ्यांनी निकस करून सोडून दिलेला. शंभर वर्षांत तिथे रान परतलं. लांबून दोन्ही सारखी दिसतात. आत शिरलात तर फरक कळतो: नव्या रानात खोडं बारीक, जाती मोजक्या. शंभर वर्षांनीही जातींची संख्या जुन्या जंगलाच्या बरीच मागे आहे. सेरायाच्या बियांना पंख असतात तरी त्या आईपासून फार दूर जात नाहीत, दरवर्षी धरतही नाहीत. मोठी फळं गिळून बी दूर टाकणारे पक्षी-प्राणी तर शहराने आधीच संपवले होते.

उष्ण प्रदेशातलं जंगल कसं परततं यावर २०२१ मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिका खंड आणि पश्चिम आफ्रिकेतल्या ७७ ठिकाणांचा. माती दहा वर्षांच्या आत सावरते. झाडांची उंची-जाडी आणि जातींची संख्या यांना तिथे २५ ते ६० वर्षं लागतात; मॅकरिचीच्या निकस जमिनीवर तेवढ्यात जमलं नाही. पण मूळ जंगलात जी झाडं होती तीच, तितक्याच वजनाची उभी राहायला १२० वर्षांहून जास्त. तीही आपोआप वाढलेल्या रानाची गोष्ट, खड्डे खणून लावलेल्या रोपांची नव्हे.

आणि आपलं विदर्भाचं जंगल सिंगापूरसारखं मुळीच नाही, हे तर कोणी बोलतच नाही. भरपूर पावसाच्या प्रदेशात आधी मऊ लाकडाची, भराभर वाढणारी झाडं येतात. त्यांच्या सावलीत कठीण लाकडाची सावकाश मोठी होतात. कोरड्या रानात क्रम उलटा. मे महिन्याच्या उघड्या जमिनीवर आधी तग धरतात ती हिवर, बाभूळ, बोर अशी चिवट लाकडाची. थोडी सावली, थोडा ओलावा झाला की बाकीची. शिवाय साग, पळस, तेंदू तोडले तरी बुडख्यातून, मुळांतून पुन्हा फुटतात. वणवा आणि चराई थांबवली तर असं रान स्वतःच उठतं. आपण काय करतो? आधी जेसीबी फिरवून ती जिवंत मुळं उपटतो आणि मग वृक्षारोपणाचे फोटो काढतो.

राज्याच्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरलं, ते चांगलंच झालं. पण तोडलेल्या झाडाचं वय जितकं तितकी रोपं लावा, हा हिशेब माझ्या डोक्यात बसत नाही. साठ वर्षांच्या झाडाबदली लावलेल्या साठ रोपांतल्या एकातही धनेशाला ढोली सापडणार नाही. नागपुरात धनेश आहेत, कारण जुन्या वस्त्यांतली पोकळ झाडं अजून आहेत. सिंगापूरमधून धनेश सुमारे दीडशे वर्षं नाहीसे झाले होते, १९९४ मध्ये पुलाव उबिन या इथल्याच बेटावर पुन्हा दिसले. घरट्याजोगी मोठी झाडं पुरेशी नव्हती, म्हणून लाकडी पेट्या टांगाव्या लागल्या. भाच्याला हवं ते सिंगापूर हे.

इथलं चांगलंही आहे. बीकेई या जंगलातून जाणाऱ्या द्रुतगती मार्गावरून प्राण्यांसाठी २०१३ मध्ये पूल बांधला. पण पेंचमध्ये आपणही महामार्ग उचलून वाघांना खालून वाट दिली आहे, आणि इथे वाघ उरलेलाच नाही. हे मी इथल्या मित्रांना अभिमानाने सांगतो.

शेवटी भाचा म्हणाला, "तुम्ही तर गेले मामा, तुम्हाला कशाला त्रास?" हे मात्र लागलं. माझं आयसी, म्हणजे इथलं ओळखपत्र, निळं आहे: कायम रहिवाशाचं. नागरिकाचं गुलाबी घ्यायचं की नाही, मुलाच्या एनएसचं, म्हणजे सक्तीच्या लष्करी सेवेचं काय, हे घरात अजून ठरत नाही. इथली झाडं मी पाट्या वाचून ओळखतो. तिकडची नुसत्या सालीवरून ओळखतो: ऐनाची मगरीच्या पाठीसारखी, सालईची कागदासारखी सुटणारी. वीस वर्षं इथे राहूनही ते बदललं नाही, आणि बदलावं असं मला वाटतही नाही.

झाडं तोडण्याआधी हरकती मागवतात. मी मराठीत हरकत लिहून भाच्याकडे पाठवली, पत्ता आईच्या घराचा टाकला. मतदार यादीत नाव नसलेल्या माणसाची हरकत कोण वाचणार, असं त्याचं म्हणणं. वाचावी. मी सिंगापुरातून लिहिली म्हणून त्या कडुनिंबांचं वय कमी होत नाही.