चार वर्षांच्या मुलाला लुडो देऊ नका

सुट्टी लागली की पालकांचे मेसेज सुरू होतात. "ताई, मोबाईल सुटावा म्हणून एखादा बोर्ड गेम घ्यायचाय. चार वर्षांची आहे, काय घेऊ?" मी शिशुवर्गाला शिकवते, त्यामुळे हा प्रश्न वर्षभर येतोच, मे महिन्यात आणि दिवाळीत जरा जास्त. बहुतेकांनी तोवर एका बाजूला लुडो आणि दुसऱ्या बाजूला सापशिडी असलेला पट आणलेला असतो, आणि दोन दिवसांत तो कपाटावर गेलेला असतो. का, तर "तिला हरलेलं चालत नाही, रडीचा डाव खेळते."

मला हे पटत नाही. मूल हरल्यावर रडतं हे खरं आहे, पण त्याच्या बरंच आधी ते कंटाळलेलं असतं. शेवटी हरल्याचं फक्त निमित्त होतं.

लुडोचा हिशोब एकदा मांडून बघा. सोंगटी बाहेर काढायला सहा पडावे लागतात. पहिल्या चार खेपांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे. चौघं खेळत असतील तर तेवढ्यात मुलीने सोळा दानं पाहिली, त्यातली बारा दुसऱ्यांची, आणि तिची एकही सोंगटी हललेली नाही. पुढे एक सोंगटी घरी न्यायची तर ५६ घरं चालायची. चार सोंगट्यांची झाली २२४. फाशाचं सरासरी दान साडेतीन, म्हणजे एकही सोंगटी मेली नाही असं धरलं तरी एकेकाला चौसष्टेक वेळा फासा टाकावा लागतो. चौघांचे मिळून अडीचशेच्या वर. आणि सोंगट्या तर मरतातच. चाळीस घरं चालून आलेली सोंगटी दादाने मारली की पुन्हा सहाची वाट बघणं आलं.

अशा वेळी त्या मुलीकडे नीट बघा. दुसऱ्यांचं खेळणं चालू असताना ती आधी आपल्या सोंगट्या एकावर एक रचते. मग पटाचा कोपरा दुमडते. मग पालथी पडून पाय हलवायला लागते आणि पायाने पट सरकतो. तेवढ्यात कुणीतरी ओरडतं, "अगं, तुझी पाळी! लक्ष कुठाय?" यात तिचा काय दोष? तिच्यासमोर बराच वेळ काही घडतच नव्हतं.

म्हणून मी पालकांना सांगते, खोक्यावर छापलेलं वय जरा बाजूला ठेवा आणि एकच गोष्ट बघा: आपली पाळी नसताना मूल काय करणार आहे? तेव्हाही त्याचा जीव खेळात अडकत असेल तर तो खेळ घ्या.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे 'हाबा' या जर्मन कंपनीचा फळबागेचा खेळ. मूळ खेळ १९८६चा, आणि त्याची दोन वर्षांपासूनच्या मुलांसाठी केलेली छोटी आवृत्तीही मिळते. छोट्या आवृत्तीत चार झाडं, प्रत्येकावर चार फळं. फाशावर रंग येईल ते फळ तोडून टोपलीत ठेवायचं. टोपलीचं चित्र आलं तर हवं ते फळ घ्यायचं. कावळा आला तर कावळा एक घर पुढे सरकतो. तो बागेत पोचायच्या आत सगळी फळं टोपलीत आली पाहिजेत. सगळे मिळून जिंकतात किंवा सगळे मिळून हरतात. फासा कुणाच्याही हातात असो, कावळा येऊ नये असं सगळ्यांनाच वाटत असतं, त्यामुळे डोळे पटावरून हलत नाहीत. आपल्याकडे हा खेळ महाग पडतो, पण अडायचं काही कारण नाही. पुठ्ठ्यावर झाडं काढा, फळांच्या जागी रंगीत मणी ठेवा आणि जुन्या फाशावर रंगीत कागद चिकटवा. माझ्या वर्गातला संच असाच केलेला आहे आणि मुलं त्यावर जीव टाकतात.

गोगलगाईंच्या शर्यतीचाही एक जर्मन खेळ आहे. सहा रंगांच्या सहा गोगलगाई आणि रंगांचे दोन फासे. जे रंग येतील त्या गोगलगाई एक घर पुढे. गंमत अशी की कुठलीच गोगलगाय कुणाची नसते. पहिली कोण येणार आणि शेवटची कोण, एवढं आधी सांगायचं. अडीच-तीन वर्षांची मुलंसुद्धा यात रमतात. रंग ओळखता आले की झालं.

आता अंकांचं. "काहीतरी शैक्षणिक हवं" अशी मागणी हमखास येते, आणि मग राजधान्यांची कार्डं आणि इंग्रजी शब्दांचे पट विकत घेतले जातात. त्याऐवजी एक अगदी साधी गोष्ट करा. गीता रमाणी आणि रॉबर्ट सिगलर या अभ्यासकांनी अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना एक खेळ खेळायला दिला. एका ओळीत १ ते १० अशी घरं आणि एक किंवा दोन घरं पुढे नेणारी फिरकी, एवढाच खेळ. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका झाल्या. एवढ्यावर त्या मुलांची मोजणी, अंक ओळखणं, कुठली संख्या मोठी हे सांगणं, सगळंच सुधारलं, आणि नऊ आठवड्यांनंतरही ते टिकून होतं. तसाच पण नुसत्या रंगांच्या घरांचा पट खेळलेल्या मुलांत हा फरक दिसला नाही. हे २००८मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्या वर्षी त्यांनी गोलाकार पटही वापरून पाहिला, त्याचा असा फायदा झाला नाही.

यातली एक बारीक गोष्ट फार मोलाची आहे. सोंगटी पाचवर असेल आणि दोन पडले, तर मूल "एक, दोन" म्हणत सरकतं. त्याला "सहा, सात" म्हणायला लावायचं. सुरुवातीला जड जातं. काही मुलं तर उभी आहेत तेच घर 'एक' म्हणून मोजतात आणि एक घर मागे राहतात. रागावू नका, बोट धरून पुढच्या घरावर ठेवा आणि अंक तुम्हीच म्हणा. फिरकीऐवजी नाणं चालतं, छापा पडला तर एक, काटा पडला तर दोन. सहा-सात वेळा नाणं उडवलं की डाव संपतो आणि मूल लगेच म्हणतं, "अजून एकदा." अडीचशे दानांच्या लुडोनंतर असं कोण म्हणतं?

सापशिडी मात्र सहा वर्षांपर्यंत थांबवा. मोक्षपट म्हणून या खेळाचं नाव परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडलं जातं, त्यामुळे आपल्याला त्याबद्दल जिव्हाळा आहे. मलाही आहे. पण १ ते १०० घरं नागमोडी जातात, एक ओळ डावीकडून उजवीकडे, तर दुसरी उजवीकडून डावीकडे. लहान मूल ओळीच्या टोकाला हमखास चुकतं. घरात पट असेलच तर खालच्या तीन ओळी घ्या, तीसला डाव संपवा आणि तीसच्या वर जाणाऱ्या शिड्या विसरा. व्यापाराबद्दल तर बोलायलाच नको, तो दुसरी-तिसरीत गेल्यावर.

पाच-साडेपाच वर्षांचं मूल असेल, तर माझी पहिली पसंती आपल्या चल्लस-आठला. पाच गुणिले पाच घरांचा पट. फरशीवर खडूने काढा, फुल्या मारा, चार कवड्या किंवा फोडलेले चिंचोके घ्या. एका सोंगटीला मध्यापर्यंत पोचायला २४ घरं लागतात, लुडोत ५६. लहानांना दोनच सोंगट्या द्या, डाव आटोपशीर होतो. शिवाय चल्लस (म्हणजे चार) किंवा आठ पडले की पुन्हा दान, त्यामुळे दुसऱ्याच्या कवड्या पडतानाही मुलं वाकून बघतात: उताण्या किती, पालथ्या किती. आणि धाकट्याला कच्चं लिंबू करायची आपली पद्धत इथे जरूर वापरा. त्याची सोंगटी मारायची नाही, बाकी सगळं त्याने खेळायचं. मोठ्यांनी खोटं खोटं हरण्यापेक्षा हे मला कितीतरी प्रामाणिक वाटतं. मुलांना खोटं हरणं कळतं.

पालथे ठेवून जोड्या लावायचे पत्तेही घ्या. सहा जोड्यांपासून सुरुवात करा. त्यात मुलं मोठ्यांना खरोखर हरवतात आणि कुणालाच नाटक करावं लागत नाही.

घेताना खेळण्यावर आयएसआय चिन्ह बघा, १ जानेवारी २०२१पासून ते बंधनकारक आहे. आणि एक कळकळीने सांगते, घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल तर प्रवासात मिळतात तसले चुंबकाचे छोटे पट आणूच नका. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्यात एकमेकांना चिकटून बसतात, आणि मग शस्त्रक्रियेपर्यंत पाळी येते. कवड्या आणि चिंचोकेही खेळ झाल्याबरोबर मोजून डब्यात.

चल्लस-आठचे नियम गावोगाव वेगळे आहेत. आमच्याकडे सोंगट्या सुरुवातीपासूनच पटावर असतात, आणि एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येत नाही. तुमच्याकडे कसं खेळतात, ते खाली सविस्तर लिहा. आजी-आजोबांना विचारून लिहिलंत तर आणखी चांगलं. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पालकांसाठी त्या नियमांचा एक कागद करून वाटायचा विचार आहे.