गाय मारत नाही म्हणे!

पावसाळा लागला की नागपूरच्या मॉर्निंग वॉकवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. गोरेवाडा, हिंगणा, बेसा, काटोल रोड अशा जिथं शहर संपून पांदण, म्हणजे शेतांमधली वाट, सुरू होते, तिकडं फिरायला जाणाऱ्यांसाठी तो असतो. मजकूर थोडक्यात असा: गाय कधी मारत नाही, मारतो तो सांडच. लाल कपडे घालू नका. सोबत कुत्रा असेल तर त्याचा पट्टा घट्ट धरा. रोज पोळी द्या, जनावर ओळख ठेवतं. तरी अंगावर आलंच तर श्वास रोखून जमिनीवर निपचित पडा. आणि तक्रारीच्या भानगडीत पडू नका, त्याला कायदाच नाही.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. पण यातल्या काही सूचना पाळल्या तर माणूस थेट दवाखान्यात पोचेल.

सुरुवात पहिल्याच वाक्यापासून करू. ज्या भाषेत दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, तिथं गाय मारत नाही हे पटवणाऱ्याची कमालच. नुकती व्यालेली गाय ही पांदणीवरची सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे, सांडापेक्षाही. वासरू जन्मल्यावर पहिले काही दिवस ते आईच्या मागं मागं फिरत नाही. गवतात, झुडपात दडून पडून राहतं आणि गाय चरत चरत लांब जाते. आपल्याला दिसते ती लांबवर चरणारी एकटी गाय. म्हणून आपण निर्धास्त चालतो, आणि वासरू असतं आपल्या पायाजवळच्या बेशरमीच्या झुडपात. गाईच्या लेखी तिच्या आणि लेकराच्या मधे कुणीतरी घुसलेलं असतं. आमच्याकडचे जुने गायकी, म्हणजे गुराखी, म्हणायचे, ‘माय-लेकराच्या मधून जाऊ नोको बापू.’ आख्ख्या मेसेजपेक्षा हे एक वाक्य जास्त कामाचं आहे.

इंग्लंडचं उदाहरण देतो, कारण तिथं लोकांच्या हक्काच्या पायवाटाच गुरांच्या कुरणांतून जातात. 1981 च्या कायद्यानुसार तिथं पायवाट असलेल्या कुरणात दुधाळ जातींचा दहा महिन्यांवरचा वळू सोडायला बंदी आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही भीती सांडाचीच वाटली. पण तिथल्या सरकारी सुरक्षा यंत्रणेच्या माहितीत फिरणाऱ्यांवरच्या हल्ल्यांत पुन्हा पुन्हा दोन गोष्टी येतात: वासरू असलेली गाय, आणि माणसासोबतचा कुत्रा.

सांड निरुपद्रवी आहे असं मात्र नाही. तो चिडला की बहुधा आधी आडवा उभा राहतो, आपलं अख्खं अंग दाखवतो, मान वाकवतो, खुरानं माती उकरतो. ही धमकी असते, आणि ती वेळेवर ओळखली तर मागं सरायला सवड मिळते. गाय वासरासाठी येते तेव्हा एवढी सवड मिळेलच असं नाही.

आता कुत्र्याचं. मेसेजमधली सगळ्यात घातक सूचना हीच. गुरांच्या नजरेत कुत्रा हा लांडग्याचा भाऊबंद. तो पाळीव आहे, त्याच्या गळ्यात महागडा पट्टा आहे, हे गाईला कोण सांगणार? ती धावते कुत्र्यावर. पट्टा तुमच्या मनगटाला गुंडाळलेला असतो, कुत्रा घाबरून तुमच्याच पायांत घुसतो, आणि शिंगं तुमच्यापर्यंत येतात. ब्रिटनचे माजी गृहमंत्री डेव्हिड ब्लंकेट दृष्टिहीन आहेत. 2009 मध्ये मार्गदर्शक कुत्रा सोबत असताना एका गाईनं त्यांच्यावर हल्ला केला आणि त्यांची बरगडी मोडली. तेव्हा नियम असा: एरवी कुत्रा पट्ट्यात, पण जनावर अंगावर आलं की त्या क्षणी पट्टा सोडायचा. कुत्रा गाईपेक्षा चपळ असतो, तो निसटतो. तुम्ही नाही निसटत. त्यातून आपल्याकडची गवळाऊ जात, मूळची याच नागपूर-वर्धा पट्ट्यातली, वेगानं पळण्यासाठीच नावाजलेली. तिच्याशी शर्यत लावू नका.

लाल रंगाचं दोन ओळींत संपवतो. गुरांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात. लाल रंग आपल्याला जसा भडक दिसतो तसा त्यांना दिसत नाही. स्पेनच्या झुंजीतला बैल फडक्याच्या हालचालीवर धावतो. पिवळा रेनकोट वाऱ्यावर फडफडवत गेलात तरी तेच होईल.

पोळीचा मुद्दा नाजूक आहे, पुण्यकर्माचा आहे, म्हणून कुणी बोलत नाही. सकाळी पिशवीतून पोळी काढून देणारे काका-काकू पुढं निघून जातात. मागून येणाऱ्याच्या हातात नुसती दुधाची पिशवी असते, पण गाईला पिशवी म्हणजे पोळी एवढंच कळतं. ती हक्कानं येते, मिळालं नाही की ढकलते. आणि रस्त्यावरच्या ज्या सांडाला लहानपणापासून बाजारात प्रत्येकानं चारलंय, त्याला माणसाचा धाकच उरत नाही. पुण्य करायचंच तर गोठ्यात जाऊन करा ना, बाप्पा.

जमिनीवर पडण्याचा सल्ला बहुतेक अस्वलाच्या गोष्टीतून आलाय. गुरांच्या हल्ल्यात माणूस मरतो तो मुख्यतः तुडवला गेल्यामुळं किंवा चिरडला गेल्यामुळं. आपणहून खुरांखाली झोपायचं कशाला? पाठ न दाखवता, जनावरावर नजर ठेवून, तिरकं मागं सरायचं. धुरा (शेताचा बांध), कुंपण, झाड, जे जवळ असेल त्याच्या आडोशाला जायचं. पडलातच तर लोळत आडोशाकडं सरका. आणि ठीक मागून कधी जाऊ नका. गुरांना आजूबाजूचं बरंच दिसतं, पण शेपटीमागचा पट्टा दिसत नाही. तिथून अचानक पावलं वाजली की लाथ बसते. लांबूनच आवाज द्या, गायकी देतो तसा. होळीच्या सुमारास उलंगवाडी झाली, म्हणजे पिकं निघून शेतं रिकामी झाली, की ढोरं शेतात मोकळी सुटतात, तेव्हा तर हे जास्तच पाळा.

शिंगाची जखम वरून बोटभर दिसते, आत मात्र खोल आणि वाकडीतिकडी गेलेली असते. हळद दाबून घरी बसू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. पोटाला धडक बसली असेल तर दुखत नसलं तरी डॉक्टरांना दाखवा, आतला रक्तस्राव उशिरा कळतो.

राहिला कायदा. गुरं कोंडवाड्यात घालण्याचा कायदा 1871 पासून आहे. जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये एवढी काळजी मालकानं घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 291 लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मालक सापडत नाही, ही अडचण खरी. पण बऱ्याच गुरांच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडी नंबर असतो आणि तो नोंदवलेला असतो. आडोशाला पोचल्यावर मोबाईल काढा, झूम करा आणि लांबूनच त्या कानाचा फोटो घ्या.