नामदेव ढसाळांची जयंती निर्विघ्न कशी पार पाडावी

विद्रोही कवीची जयंती करण्याचे तुमच्या मंडळाने ठरवले असेल, तर धास्तावण्याचे कारण नाही. नामदेव ढसाळांचा जन्म १५ फेब्रुवारी १९४९ चा आणि निधन १५ जानेवारी २०१४ चे, त्यामुळे महिन्याच्या नावावर चिठ्ठी डकवली की एकच फ्लेक्स दोन्ही कार्यक्रमांना चालतो. नावाआधी ‘पद्मश्री’ ठळक छापावे. हा सन्मान पदवीसारखा नावाला लावू नये असा सरकारी नियम आहे खरा, पण विद्रोही कवीच्या कार्यक्रमात निदान एखादा नियम तरी मोडला जावा.

अध्यक्षांनी ‘गोलपिठा’ वाचलेला असण्याची गरज नाही. १९७२ च्या त्या संग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. तेवढ्यावर अर्धा तास सहज निघतो, शिवाय त्यात आलेल्या मुंबईच्या वेश्यावस्तीतले कित्येक शब्द आपल्याला कळले नाहीत ही कबुली तेंडुलकरांनीच देऊन ठेवल्यामुळे अध्यक्षांना ती वेगळी द्यावी लागत नाही. त्याच वर्षी ढसाळांनी साथीदारांसह उभी केलेली दलित पँथर ही संघटना एका वाक्यात उरकावी आणि ‘ती त्या काळाची गरज होती’ असे म्हणताना ‘त्या’वर जोर द्यावा. पुढे ढसाळांनी आणीबाणीला पाठिंबा दिला, शिवसेनेच्या ‘सामना’त सदरही लिहिले, हा भाग मात्र सविस्तर सांगावा, कारण त्यामुळे व्यासपीठावरच्या कोणत्याच पक्षाला अवघडल्यासारखे होत नाही.

कविता ‘माणसाने’ घ्यावी, पण शेवटून. तिची सुरुवात स्वतःला उद्ध्वस्त करून घेण्याच्या आज्ञेने होते आणि मधल्या ओळी सभागृहाच्या पावतीमागे छापलेल्या अटींत बसत नाहीत; अखेरीस मात्र ‘माणसाचेच गाणे गावे माणसाने’ असे येते आणि त्याला पेटीवर छान चाल लागते. मधला सगळा नरक तुडवल्यावाचून त्या ओळीला अर्थच उरत नाही, अशी शंका एखाद्या आगाऊ श्रोत्याने काढलीच, तर वेळेअभावी थेट आभारप्रदर्शनाकडे वळावे.

२०२५ मध्ये एका मराठी चित्रपटातील त्यांच्या कवितांवरून सेन्सॉर मंडळाकडून ‘कोण ढसाळ?’ अशी विचारणा झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा आमचे मंडळही रीतसर संतापले होते. निषेधाच्या पत्रकात दोन ओळी घालाव्यात म्हणून कपाटात ‘गोलपिठा’ शोधला, तर त्या जागी मागच्या जयंतीतून उरलेल्या चार शाली निघाल्या. त्या अजून कोऱ्या आहेत, लागल्यास कळवावे.