आमचे हे बोटीवर असतात

गोव्यात एखाद्याबद्दल 'तो बोटीर आसा' असं कुणी म्हटलं की पुढे काही विचारायचं नसतं. सगळं त्यात येतं. वर्षातले बरेचसे महिने समुद्रावर, मग काही महिने सुटीवर घरी. घरावर नवा मजला, मजल्याला पोपटी नाहीतर जांभळा रंग, फाटकात गाडी, आणि वाड्यावर घरटी वाटलेली परदेशी चॉकलेटं. साष्टीत, बारदेशात अशी घरं जागोजाग दिसतात. आम्ही फोंड्याचे. फोंड्याला समुद्र नाही, देवळं आहेत. आमच्या घराण्याचा पाण्याशी संबंध आला तो देवळाच्या तळीत पाय धुण्यापुरता.

तरीही गेली साडेतीन वर्षं दारात कुणी माझी चौकशी केली की बायको शांतपणे सांगते, "हे ना? हे बोटीवर असतात."

बोट आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे.

झालं असं, की आमच्या घराण्यातला खरोखरच बोटीवर असलेला एकमेव माणूस म्हणजे माझा मावसभाऊ. तो क्रूझवर आहे. २०२१ च्या डिसेंबरात तो आला तेव्हा चॉकलेटं आणायच्या ऐवजी त्याने माझ्यापुढे एक भलंमोठं खोकं ठेवलं. "तुला लहानपणी कागदाच्या होड्या बऱ्या जमायच्या," तो म्हणाला. खोक्यावर एका तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचं चित्र होतं. आत पट्ट्या, काड्या, दोऱ्याची रिळं, डाळीच्या दाण्याएवढ्या कप्प्या आणि चादरीएवढे सात नकाशे. 'एचएमएस व्हिक्टरी. प्रमाण १:९८.'

हे जहाज म्हणजे नवशिक्याने हात लावू नये अशा वस्तूंमध्ये पहिल्या क्रमांकाचं. या छंदातली जाणती माणसं सांगतात, आधी एखादी साधी होडी करा, एक डोलकाठी, दोन शिडं, हात बसू दे. मला हे कळलं तेव्हा पट्ट्यांचं पाकीट फोडून झालं होतं. आता हे म्हणजे पोळीसुद्धा लाटता न येणाऱ्याने थेट लग्नाची पंगत अंगावर घेण्यासारखं होतं. १०४ तोफा, पाच मजल्यांएवढं पोट, आणि १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत इंग्रजी आरमाराचा सेनापती नेल्सन पडला तो याच जहाजाच्या डेकवर. खऱ्या व्हिक्टरीला सुमारे सहा हजार झाडं लागली म्हणतात. मला सहा हजार लागली नाहीत, पण टाकून दिलेल्या पट्ट्या मोजल्या तर फार मागे नसेन.

सोबतची पुस्तिका मूळ इटालियन. तिचं कुणीतरी इंग्रजी केलं होतं, बहुधा सूड म्हणून. 'आता फळी प्रेमाने बसवा' एवढंच एका पानावर. फळी कुठली, कुठे, प्रेम किती, काही नाही.

सुरुवात सोपी असते, तिथेच माणूस फसतो. मधला कणा, त्यावर माशाच्या काट्यासारखे आडवे फासळे, एका रविवारात उभे राहतात. दूरवरून पाहिलं तर बांगडा खाऊन ताटात उरतो तसं दिसतं. आई येऊन बघून गेली आणि म्हणाली, "बरें दिसता रे." माझ्या कामाची तिने केलेली ही शेवटची स्तुती.

मग फळ्या. पाच मिलिमीटर रुंद, एक मिलिमीटर जाड पट्टी पाण्यात भिजवायची, गरम करून वाकवायची आणि फासळ्यांवर डिंकाने बसवायची. जहाज मधे फुगीर आणि टोकांना निमुळतं, त्यामुळे प्रत्येक पट्टी टोकाकडे तासून बारीक करावी लागते. नाहीतर पुढच्या टोकाशी पोचेपर्यंत पट्ट्या एकमेकींवर चढून बसतात, फेरीबोटीच्या रॅम्पवर स्कूटरवाले चढतात तशा. वाकवायला गरम इस्त्रीसारखं काहीतरी हवं. घरात त्या मापाचं एकच यंत्र होतं: मुलीचं केस सरळ करायचं. केस सरळ करायच्या यंत्राने मी चार महिने लाकूड वाकवलं. शेवटी कॉलेजात तिच्या मैत्रिणींनी तिला विचारलं, तुझ्या केसांना सुताराच्या दुकानाचा वास का येतो? तेव्हापासून ते यंत्र तिच्या कपाटात कुलपात असतं आणि मी सोल्डरिंगच्या इस्त्रीवर आलो. बोटांवरचे डाग त्या काळातले.

आता केळ्याचं सांगतो. पट्ट्या दोन्ही बाजूंनी आलटून पालटून बसवायच्या असतात. एक उजवीकडे, एक डावीकडे. पुस्तिकेत हे होतं. तेराव्या पानावर. मी अकराव्या पानावर असताना उत्साहात एक पूर्ण बाजू उरकून टाकली. ओल्या पट्ट्या सुकल्या, आक्रसल्या, आणि त्यांनी सगळा कणा आपल्याकडे ओढून घेतला. सकाळी उठून पाहतो तर व्हिक्टरी मोयऱ्याच्या केळ्यासारखी एका अंगाला वळलेली. मोयऱ्याची केळी मोठी असतात हे खरं, पण सत्तर सेंटीमीटरचं केळं मोयऱ्यातही कुणी पाहिलं नसेल. नेल्सन या बोटीतून ट्रफाल्गरला निघाला असता तर गोल फिरून संध्याकाळी घरी जेवायला आला असता.

मी वाफ दिली. वजनं ठेवली. दोन आठवडे तिच्यावर विश्वकोशाचे खंड आणि एक जातं होतं. थोडी सरळ झाली. पूर्ण नाही. आता मी तिला भिंतीच्या अंगाला अशी ठेवतो की पाहणाऱ्याला वाटावं, लाटेवर वळते आहे.

त्याच सुमारास दाराची चौकट बदलायला मेस्त आला. आमच्याकडे सुताराला मेस्त म्हणतात आणि मेस्त दिलेल्या दिवशी येत नाही, हे दोन्ही सगळ्यांना ठाऊक आहे. हा आला तो तीन आठवड्यांनी, आणि चौकट सोडून टेबलापाशीच थांबला. बराच वेळ एक डोळा मिटून कण्याकडे बघत राहिला.

"हें वांकडें जालां."

"जाणा."

"उदकांत घाल्यार तरंगतलें?"

"ना. कांचेच्या पेटयेंत दवरपाचें."

त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "मागीर कित्याक? इतल्या लांकडांत एक कपाट तरी जालें आसलें."

साडेतीन वर्षांत या छंदाबद्दल ऐकलेली सर्वात विचारपूर्वक केलेली टीका ही. तिला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

बायको गणित शिकवते. कोल्हापूरची. तिला समुद्राचं कौतुक नाही आणि उशिराची कारणं तर अजिबात चालत नाहीत. एकदा मी तिला समजावून सांगायला गेलो, "अगं, खऱ्या व्हिक्टरीलाच किती वर्षं लागली! १७५९ साली कणा घातला, १७६५ साली पाण्यात उतरली. सहा वर्षं."

ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "प्रमाण किती म्हणालात?"

"एकास अठ्ठ्याण्णव."

"सहा वर्षं भागिले अठ्ठ्याण्णव. बावीस दिवस."

मी हार मानली नाही. तिला दाखवलं, की पोर्ट्समथच्या कोरड्या गोदीत उभ्या असलेल्या खुद्द मूळ व्हिक्टरीच्या कुजलेल्या फळ्या २०२२ पासून काढून बदलतायत, आणि ते काम दहाएक वर्षांचं आहे. म्हणजे आज माझी बोट मूळ बोटीसारखीच दिसते: अर्धी उघडी. "यालाच प्रामाणिक प्रतिकृती म्हणतात." तिने त्या वहीवर लाल पेनाने काहीतरी लिहिलं. वही दुसऱ्याची होती, पण मला लागलं.

सुपरग्लूबद्दल थोडक्यात. माझ्या कचेरीत हजेरी अंगठ्याने लागते. अंगठ्यावर सुकलेल्या डिंकाचा थर असला की यंत्र माणसाला ओळखत नाही. सलग दोन दिवस मी समोर उभा असून गैरहजर होतो. लेखी कारण मागितलं तेव्हा मी खरं ते लिहिलं: 'बोटीच्या कामामुळे.' आठवडाभर सगळ्यांना वाटत होतं मी नदी परिवहन खात्यात बदली मागितली आहे. दोघांनी तर फेरीबोटीच्या वेळांबद्दल तक्रारीही सांगितल्या.

तोफांपैकी एक हरवली. पितळी, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी. मी टॉर्च घेऊन, चुंबक घेऊन (पितळ चुंबकाला चिकटत नाही हे खालच्या फरशीवर पालथा पडल्यावर आठवलं) सगळं घर पालथं घातलं. महिन्याने सापडली. आईला झाडताना मिळाली होती. समईचा काहीतरी भाग असेल म्हणून तिने ती धुऊन देव्हाऱ्यात ठेवली होती. कुंकू लावलेलं, वर जास्वंदीची पाकळी. मी हात पुढे केला तर म्हणाली, "देव्हाऱ्यातली वस्तू परत खेळात लावपाची न्ही." तेव्हापासून माझ्या जहाजावर १०३ तोफा आहेत आणि इंग्रजी आरमाराची एक तोफ फोंड्यात रोज तीर्थ घेते.

हे सगळं परवडलं, पण दोर! खऱ्या जहाजावर सुमारे ४२ किलोमीटर दोर होता. म्हणजे फोंड्याहून पणजी गाठून परत येताना जुनं गोवं ओलांडेपर्यंत पुरेल इतका. डोलकाठ्यांना आधार देणारे तिरपे दोर, त्यांवर खलाशांनी चढायच्या दोरीच्या पायऱ्या, आणि प्रत्येक पायरी प्रत्येक दोराला जिथे भेटते तिथे एक गाठ. क्लोव्ह हिच म्हणतात तिला. माझ्या नकाशात मधल्या डोलकाठीच्या एका अंगाला दहा दोर आणि पंचवीस पायऱ्या, म्हणजे अडीचशे गाठी, एकाच शिडीच्या. चिमट्याने, भिंगातून, श्वास रोखून. श्वास सोडला की दोन पायऱ्या खाली. चाळिशी लागलेल्या माणसाने हे करू नये. मी एकावन्नचा आहे.

आणि हे पावसाळ्याआधी संपवायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नाही. गोव्यातल्या जूनमध्ये पापड वाकतात, मीठ पाझरतं, चपलांना बुरशी येते. तिथे सुती दोऱ्याची काय कथा. ओलाव्याने दोरा आखडतो. एप्रिलमध्ये छान ताणून बसवलेले दोर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात इतके आखडले की तिन्ही डोलकाठ्या मागे झुकल्या, जणू जहाजाला काहीतरी भयंकर वास आला. मी दोर कापले. ऑक्टोबरात ऊन आलं, उरलेले सैल पडले. मग मी मेण लावलेला नायलॉनचा दोरा आणून सगळं नव्याने सुरू केलं. म्हणजे अजून सुरूच आहे.

शेजारच्या भाईंना हे जहाजच मान्य नाही. भाई जुने, पणजीच्या लिसेवात शिकलेले, पोर्तुगीज अजून फाडफाड वाचतात. "इंग्रजाचं कशाला?" ते म्हणाले. "आपल्याकडचं होतं की! दों फेर्नांदु सेगुंदु इ ग्लोरिया." मग त्यांनी मला पडवीत बसवून चहाबरोबर सगळं सांगितलं: दमणच्या गोदीत बांधलेलं, लाकूड नगर हवेलीच्या जंगलातला साग, १८४३ साली पाण्यात, आणि पहिली मोठी सफर १८४५ साली गोव्यातून लिस्बनला. पुढे १९६३ मध्ये ते आगीत जळालं आणि तेजू नदीच्या चिखलात जवळजवळ तीस वर्षं पडून राहिलं. "तरी वर काढून, दुरुस्त करून १९९८ च्या प्रदर्शनात उभं केलं त्यांनी. आणि तू एका केळ्यासाठी रडतोस." मला बरं वाटलं. पुढचा रविवारभर मी सागाच्या पट्ट्या कुठे मिळतील याची चौकशी करत होतो. बायकोने फोनवरचं संभाषण ऐकलं आणि फोन ठेवायला लावला.

खरा अपमान आला तो दिवाडी बेटावरून. जुन्या गोव्याहून फेरी घेतली की पलीकडे. तिथल्या बोटयार्डात सप्टेंबर २०२३ मध्ये 'कौंडिण्य' नावाच्या जहाजाचा कणा ठेवला. अजिंठ्यातल्या चित्रावरून उचललेलं, जवळजवळ वीस मीटर लांब, खिळा न मारता फळ्या काथ्याच्या दोराने शिवलेलं, अगदी जुन्या पद्धतीने. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते पाण्यात उतरलं. मे महिन्यात कारवारला नौदलात दाखलही झालं. बायकोने वर्तमानपत्राची ती घडी माझ्या ताटाशेजारी (म्हणजे मांडीवरच्या ताटाशेजारी, टेबल व्यापलेलं) ठेवली आणि काही बोलली नाही.

"त्यांच्याकडे माणसं होती," मी म्हणालो.

"हो ना," ती म्हणाली. "आणि त्यांनी शिवलंसुद्धा हाताने."

यंदा चवथीला मूळ घरी गेलो. गणपतीच्या वर माटोळी बांधायची होती. दरवर्षी धाकटे काका बांधतात, यंदा त्यांचा खांदा धरला होता. लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजन, कवंडळं, केळ्यांचे घड, सगळं केवणीच्या दोराने लटकवायचं. घट्ट नाही बांधलं तर आरतीच्या मधे कुणाच्यातरी डोक्यावर नारळ. मी स्टुलावर चढलो. पहिली गाठ आपोआप पडली. दुसरीही. क्लोव्ह हिच, वर एक अर्धी गाठ. अडीचशे वेळा केलेलं बोटांना पाठ होतं, आणि केवणीचा दोर माझ्या दोऱ्यापुढे म्हणजे हत्तीची साखळी, भिंग लागलं नाही. तासाभरात माटोळी तयार. काकांनी खालून घड ओढून पाहिला. हलला नाही.

"खंय शिकलो रे तूं हें?"

मी उतरत होतो. आई वाती वळत होती, तिनेच सांगितलं, "बोटीर आसा न्ही तो."

पुण्याच्या आत्याला यातलं काही माहीत नव्हतं. तिचा चेहरा एकदम उजळला. "अगं बाई, केव्हापासून? कंपनी कुठली?"

"ब्रिटिश नेव्ही," मी म्हणालो.

"आणि सुटी कधी असते?"

बायको आतून मोदकांचं ताट घेऊन आली. "टेबल मोकळं झालं की," ती म्हणाली, आणि ताट ठेवायला जागा शोधू लागली.