'कोपरा' मागे घेतो, 'पडका' मात्र नाही

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली, राग आला, तसाच झोपलो. सकाळी पुन्हा वाचली तेव्हा निम्मा राग माझ्यावरच उलटला होता. उत्तराला चार दिवस लागले ते त्यामुळे.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. नाशिक जिल्ह्यातल्या साल्हेर-मुल्हेर या गडांवरच्या माझ्या लेखावर या सटाण्याच्या वाचकांचं म्हणणं असं, की नाशिककर शनिवार-रविवारी गाडी काढून येतात, भाकरीचे फोटो काढतात आणि बागलाणाला, म्हणजे सटाण्याभोवतीच्या मुलखाला, 'राज्याच्या टोकाचा विसरलेला कोपरा' म्हणून मोकळे होतात. युनेस्कोने मान दिलेल्या गडाला मी तीनदा 'पडका' म्हटलं (मी मोजलं, चारदा आहे). महाराजांपेक्षा बागलाणच्या जुन्या बागुल राजांवर जास्त शाई खर्च केली. आणि साल्हेरची लढाई 'गडावर' झाली असं लिहून अज्ञान पाजळलं. शेवटी अहिराणीत एक वाक्य आहे, ते इथे देत नाही. माझ्या सासूबाई कळवणच्या. त्यांनी त्याचा अर्थ सांगितला, पण आधी पोटभर हसून घेतलं.

लढाईचं आधी. चूक माझी आणि ती साधी नाही. महाराजांनी साल्हेर जानेवारी १६७१ मध्ये घेतला, मग मोगलांनी त्याला वेढा घातला. फेब्रुवारी १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर दोन अंगांनी चालून आले आणि लढाई जुंपली ती गडाच्या पायथ्याला, उघड्या रानात. इखलासखान, बहलोलखान यांच्यासारख्या सरदारांची फौज तिथे मोडली. सूर्यराव काकडे तिथेच पडले. मराठे डोंगरात दबा धरतात, मैदानात उभे राहत नाहीत, हा समज त्या दिवशी मोडला. आणि मी 'गडावर' लिहून सगळी लढाई पुन्हा तटाच्या आत कोंडली. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता 'कोपरा'. हा शब्द मला कुठे सुचला ते सांगतो, म्हणजे माझी गंमत तुम्हालाही कळेल. साल्हेरच्या माथ्यावर, परशुरामाच्या पादुकांपाशी धापा टाकत बसलो होतो आणि खिशातला फोन वाजला. गुजरातेत स्वागत असल्याचा मेसेज! १५६७ मीटरवर, महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच किल्ल्यावर मी उभा, आणि कंपनीने मला परराज्यात ढकललं. पश्चिमेला गुजरातेतल्या डांग जिल्ह्याचं जंगल पसरलेलं. वाटलं, संपलं इथे आपलं. टोक, कोपरा वगैरे शब्द तिथल्या तिथे वहीत उतरले आणि घरी येऊन मी ते तसेच छापले.

तुमच्या टीकेनंतर नकाशा घेऊन बसलो. राज्याच्या सीमेची रेघ बोटाने झाकली आणि मग पाहिलं. नवं असं काहीच नव्हतं, सगळं आधीच माहीत होतं, फक्त एका ओळीत कधी मांडलं नव्हतं. तुमच्याकडच्या डोंगररांगांची नावंच बघा, सेलबारी आणि डोलबारी. बारी म्हणजे खिंड. ताहाराबादहून पिंपळनेरला जाताना आपण सेलबारीचाच घाट ओलांडतो. धुळ्याहून सुरतेला जा, कोंडाईबारी लागते. ज्या मुलखात डोंगराला खिंडीवरून नाव पडतं, तिथे लोकांची नजर डोंगरावर कमी आणि पलीकडे जाण्यावर जास्त असणार. खाली सुरतेचं बंदर, वर दख्खन, मधे बागलाण. मालाचे तांडे इथून जात, आणि तांड्यांवर डोळा असणारेही इथेच येत. मुल्हेरला महमुदी नावाची चांदीची नाणी पाडली जात. आडवळणाच्या गावाला टांकसाळ कशाला लागते?

गुजरातचा शेवटचा वाघेला राजा कर्ण अलाउद्दीन खिलजीच्या फौजेपुढे हरला तेव्हा आसऱ्याला बागलाणातच आला. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने बागलाणाची माहिती लिहिताना साल्हेर आणि मुल्हेर या दोन गडांच्या मजबुतीचा मुद्दाम उल्लेख केला. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटून महाराज परतले तेही बागलाणातूनच, आणि मग वणी-दिंडोरीला मोगल सरदार दाऊदखानाशी गाठ पडली. तीन महिन्यांत साल्हेर स्वराज्यात आला, यात योगायोग मला तरी दिसत नाही. वाट वापरून पाहिली, मग वाटेवरचा पहारा ताब्यात घेतला.

कोपरा झाला तो परवा परवा. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली, डांग तिकडे गेला (त्यावर आपला दावा होता, जुनी माणसं अजून हळहळतात) आणि जो मुलूख मधोमध होता त्याच्या अंगणात कुंपण आलं. कुंपण तरी कुठलं, गडाच्या पायथ्याच्या वाघांब्यात ज्यांच्याकडे जेवलो त्यांची एक लेक डांगात दिलेली आहे आणि तिला 'गुजरातला दिली' असं त्या घरात कोणी म्हणत नाही. तेव्हा 'कोपरा' मागे घेतो. मूळ लेखातही तो शब्द खोडून ठेवला आहे, पुसलेला नाही. कशावरून आपलं भांडण झालं ते पुढच्यांना दिसू दे.

पण 'पडका' मागे घेत नाही.

तुम्ही म्हणता, जुलै २०२५ मध्ये साल्हेर जागतिक वारशात गेला, आता तरी भाषा सांभाळा. बारा किल्ल्यांच्या त्या यादीत अकरा आपले, एक तमिळनाडूतला जिंजी, आणि बारांत सगळ्यात उत्तरेचा साल्हेर. अभिमान मलाही आहे. पण वाघांब्याच्या वाटेने वर येताना मी काय पाहिलं ते ऐका. साल्हेर आणि शेजारचा सालोटा गड यांच्यामधल्या खिंडीतून कातळातल्या पायऱ्या सुरू होतात. पायरीच्या मधोमध, पाऊल पडतं तिथेच, वाटीएवढा खळगा झालाय. दोन दिवसांपूर्वी पाऊस झाला होता, तर प्रत्येक वाटीत पाणी आणि प्रत्येक पाण्यात आभाळाचा एकेक तुकडा. इतकी माणसं तिथून चढली-उतरली. त्यानंतरच्या एका दरवाज्यात मी बराच वेळ बसलो. कमान उभी आहे, पण डाव्या बाजूच्या चिऱ्यांच्या फटीत एका झाडाने मूळ घातलंय, मनगटाएवढं जाड. वरचा चिरा त्या मुळाने बोटभर पुढे ढकललाय. फटीत बोट घालून पाहिलं, आत ओली माती आणि मुंग्या. आतल्या देवडीत, जिथे पहारेकरी बसायचे, तिथे शेळ्यांच्या लेंड्या आणि चिप्सची पाकिटं. पाकिटं शेळ्यांनी आणली नव्हती.

हे 'भव्य प्रवेशद्वार' म्हणून लिहिता आलं असतं. शंभर जणांनी लिहिलंच आहे. मग तो बोटभर सरकलेला चिरा कोण लिहिणार? दोन पावसाळ्यांनी तो खाली आला तर तुम्ही-आम्ही मिळून म्हणू की कोणी सांगितलंच नाही. माझ्या आजीच्या घराची मागची भिंत कलली तेव्हा गावात सगळे 'वाडा' म्हणत राहिले. भिंत पडल्यावरही म्हणत होते.

बागुलांचं थोडक्यात. त्यांनी सुमारे तीनशे वर्षं बागलाण राखलं. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना १६३८ मध्ये मुल्हेर पडला आणि त्यांचं राज्य संपलं. त्याआधी १५९६ मध्ये रुद्रकवीने याच मयूरगिरीवर, म्हणजे तुमच्या मुल्हेरवर, त्यांच्या वंशाचं अख्खं संस्कृत महाकाव्य रचलं. साल्हेर महाराजांच्या हाती आला तेव्हा तो आधीच जुना, मुरलेला गड होता. तो कोणी जपला होता हे सांगितलं म्हणजे महाराजांचं काही कमी होतं, असं मला वाटत नाही. तुम्हाला वाटत असेल तर भांडू, पण सटाण्याला येऊन, चहाच्या टपरीवर.

भाकरीच्या फोटोबद्दल: नागलीची होती, सोबत लसणाची चटणी, आणि सकाळी पाचला नाशिक सोडलेल्या माणसाला दुपारी दीडला मिळाली होती. फोटो राहणार.

एक विचारायचं आहे. मुल्हेरला उद्धव महाराजांच्या मंदिरात कोजागिरीला रासक्रीडा रात्रभर चालते म्हणतात. ती मी अजून पाहिलेली नाही, दरवर्षी काहीतरी आडवं येतं. यंदा येतोय. रात्री तिथे थांबायची सोय कशी होते, आणि पहाटे तिथूनच मुल्हेर चढायचा तर खालून पाणी भरून न्यावं लागतं की माचीवर मिळतं, एवढं कळवाल? अहिराणीत कळवलंत तरी चालेल, सासूबाई आहेत.