टायर मोजणाऱ्या 'पुस्तकी' माणसाचं उत्तर

ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी) गाडी वळताना अडत असेल तर टायर मोजा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचली ती राग गेला का ते बघायला. तिसऱ्यांदा कळलं, गेलेला नाही.

तुमचं म्हणणं असं: ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी पूर्ण वळणावर अडत असेल तर पुढची चाकं उचलून स्टिअरिंग फिरवून बघावं, स्टिअरिंग शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टमधला वळणारा सांधा) तपासावा, आणि "टेप घेऊन टायर मोजत बसणं हा पुस्तकी लोकांचा वेळकाढूपणा आहे."

एक चूक कबूल. एका ठिकाणी मी 'सेंटर डिफरेन्शियल' लिहिलं होतं, तिथे 'ट्रान्सफर क्लच' (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा क्लच) हवं होतं. दुरुस्त केलंय, आभार. पण 'पुस्तकी'? साहेब, बावीस वर्षं गाड्यांखाली आडवा होतोय. माझ्या कोपरांना विचारा.

माझ्याच गाडीचं सांगतो. मागे दोन नवे टायर टाकले, पुढचे अर्धे झिजलेले तसेच ठेवले. काही आठवड्यांनी गाडी लावताना पूर्ण वळण घेतलं की हँडब्रेक ओढल्यासारखी अडायची, टायर फरफटायचे, स्टिअरिंगला झटके बसायचे. एका गॅरेजने स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा दांडा) बदलायला लावला. बदलला. गाडी तशीच! (चाकं उचलून बघितली असती तर रॅकचा खर्च वाचला असता, हे मलाही कळतं. पुन्हा लिहू नका.) शेवटी टायरवर खडूने खूण केली, गाडी एक फेरा ढकलली आणि जमिनीवर टेप लावली. मागच्या-पुढच्यात दोन सेंटीमीटरहून जास्त फरक.

दोन सेंटीमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. हिशेब करा. टायरचा व्यास 680 मिलिमीटर, झीज 4 मिलिमीटर, म्हणजे व्यासात 8 आणि घेरात 25 मिलिमीटरचा फरक. एका किलोमीटरला पुढची चाकं साडेपाच फेरे जास्त फिरणार, तेही सरळ रस्त्यावर. वळणात पुढच्या चाकांचा मार्ग मागच्यांपेक्षा मोठा असतो, त्यामुळे त्यांना आणखी जास्त फिरावं लागतं. ही तफावत ट्रान्सफर क्लचने घसरून पचवायची असते. तो सतत घासत राहिला की तापतो, चिकटायला लागतो. मग कोरड्या रस्त्यावर सगळा ताण शाफ्टमध्ये पिळासारखा साठतो. माझ्या गाडीच्या या क्लचचं तेल काढलं तेव्हा जळका वास येत होता. चारही टायर सारखे केले, तेल बदललं, गाडी वळायला लागली.

आणि चाकं उचलली की तो पीळ सुटतो. स्टिअरिंग हलकं फिरलं तर रॅक बरा आहे, एवढंच कळतं. क्लच चिकटतोय की टायर वेगळे आहेत, हे हवेतलं चाक कसं सांगणार? ते तुम्ही कुठे लिहिलंत?

युनिव्हर्सल जॉइंटचं म्हणाल, तर तो लेखाच्या चौथ्या परिच्छेदात आहे. तिथवर पोचला असतात तर दिसला असता.